टीव्ही दिसेना, तर छत्रीपर्यंत शेवटी जा

माझी आई राजापूरजवळच्या वाडीत राहते, मी पुण्यात. संध्याकाळी सातच्या सुमारास तिचा फोन आला आणि आवाजात जराशी घाई असली, की विषय मला कळतो. "अरे, टीव्ही गेला." सुरुवातीला मी लगेच विचारायचो, "वारा सुटला होता का? छत्री हलली असेल." मग शेजारचा मुलगा पत्र्यावर, डिशच्या छत्रीपाशी चढायचा. एकदा त्याने अर्धा तास छत्री फिरवली आणि शेवटी कळलं काय, तर टीव्ही पुसताना रिमोटचं सोर्सचं बटण दाबलं गेलं होतं. छत्री मुळात नीटच होती. पण आता ती फिरवून झाली होती, त्यामुळे सोर्स जागेवर आणला तेव्हा सिग्नल खरोखरच गेलेला निघाला. मेकॅनिक तीन दिवसांनी आला.

तेव्हापासून आमच्याकडे शोध टीव्हीपासून सुरू होतो आणि छत्रीपर्यंत सगळ्यात शेवटी पोचतो. बहुतेक वेळा तिथवर जावंच लागत नाही. ज्यांनी डिशच्या वायरीला कधी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हा सगळा क्रम इथे लिहितो आहे. लिहिलंय ते मुख्यतः छत्रीवाल्या टीव्हीबद्दल, म्हणजे डीडी फ्री डिश आणि महिन्याचे पैसे भरून घेतलेलं डीटीएच. केबलवाल्यांसाठी पुढे थोडं आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढा. जुन्या अँटेनाच्या काळात चित्रच सांगायचं की बिघाड किती आहे. मुंग्या आल्या म्हणजे थोडं हललंय, चित्र दुहेरी दिसलं म्हणजे दिशा चुकलीय. डिजिटलमध्ये ही सोय गेली. प्रक्षेपणासोबत चुका दुरुस्त करण्यापुरती जादा माहिती पाठवलेली असते. सिग्नल थोडा खराब झाला, तर बॉक्स त्या माहितीवरून भोकं बुजवतो आणि तुम्हाला चित्र अगदी स्वच्छ दिसतं. खराबी एका हद्दीपलीकडे गेली की चित्र फुटतं, चौकोन चौकोन दिसतात, आवाज तुटतो आणि लगेच सगळंच काळं. म्हणजे आज अचानक गेलेला टीव्ही कदाचित चार महिने हळूहळू जात होता. "काल तर छान दिसत होतं" या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही.

पडद्यावर कोण बोलतंय ते ओळखा

टीव्ही गेला म्हणजे नेमकं काय दिसतंय, हे आईला विचारायला मला फार उशिरा सुचलं. पडद्यावरचा मजकूर कधी टीव्ही लिहितो, कधी बॉक्स. दोघांचं म्हणणं वेगळं असतं.

बॉक्सच्या रिमोटवर मेनू किंवा गाइडचं बटण दाबा. टीव्हीच्या रिमोटवर नव्हे, बॉक्सच्या. मेनू उघडला, तर टीव्ही, बॉक्स आणि त्यांच्यामधली वायर ठीक आहे, बिघाड बॉक्सच्या पलीकडे आहे. मेनू आलाच नाही आणि पडद्यावर "नो सिग्नल" इकडून तिकडे तरंगतंय, तर तो मजकूर टीव्हीचा आहे. त्याला बॉक्सकडून काहीच मिळत नाहीये. अशा वेळी छत्रीचा काही संबंध नाही.

टीव्हीच बोलत असेल तर टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबून एचडीएमआय १, एचडीएमआय २, एव्ही असे सगळे पर्याय एकेक करून बघा. प्रत्येकावर पाच सेकंद थांबा, काही टीव्हींना चित्र आणायला वेळ लागतो. मग बॉक्सवर दिवा आहे का ते पाहा. दिवा नसेल तर प्लग, एक्स्टेंशन बोर्ड आणि अडॅप्टर. दिवा असेल तर एचडीएमआयची वायर दोन्ही टोकांनी काढून पुन्हा बसवा, दुसऱ्या खाचेत लावून बघा. जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना असतील, तर चित्र काळं-पांढरं दिसणं किंवा चित्र आहे पण आवाज नाही, या तक्रारी बहुधा पिना उलटसुलट बसल्याने होतात. पिवळी चित्राची, उरलेल्या दोन आवाजाच्या.

बॉक्स बोलत असेल तर मजकूर शब्दन् शब्द वाचा आणि कोड नंबर दिला असेल तर लिहून ठेवा. "या चॅनेलचं सबस्क्रिप्शन नाही" अशा अर्थाचं काही असेल, तर तो बिघाड नाही, हिशेब आहे. रिचार्ज केल्यानंतरही तोच मजकूर राहिला, तर बॉक्स चालू ठेवून त्याच चॅनेलवर थोडा वेळ थांबा. तुमचा पॅक सुरू झाल्याचा निरोप बॉक्सला उपग्रहावरूनच येतो, आणि तो यायला बॉक्स चालू आणि सिग्नल ठीक असावा लागतो. लोक रिचार्ज करतात, चिडून बॉक्स बंद करतात आणि निरोप हुकतो. कंपनीच्या ॲपवर किंवा मिस्ड कॉल देऊन तो पुन्हा मागवता येतो.

बंद करायचं ते भिंतीवरून

रिमोटने बंद केलेला बॉक्स झोपलेला असतो, बंद नसतो. भिंतीवरचं बटण बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग चालू करा. याने सुटणारे प्रश्न बरेच असतात. बॉक्स मध्येच अडकणं, रिमोटला दाद न देणं, एकच चॅनेल न लागणं, हे सगळं त्यात आलं. फॅक्टरी रीसेट मात्र करू नका. विशेषतः फ्री डिशच्या बॉक्समध्ये त्याने साठवलेले चॅनेल पुसले जातात आणि सिग्नल अधू असेल तर ते परत भरता येत नाहीत.

बॉक्स आपोआप पुन्हा पुन्हा बंद-चालू होत असेल, तर अडॅप्टरवर संशय घ्या. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा हे जास्त दिसतं. अडॅप्टर बदलताना जुन्यावरचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. पिन बसते म्हणून कुठलाही मोबाइलचा किंवा राउटरचा अडॅप्टर लावू नये.

दोन पट्ट्या

बॉक्सच्या मेनूत सेटिंग, सिस्टिम, इन्स्टॉलेशन अशा कुठल्यातरी कोपऱ्यात सिग्नलचं पान असतं. त्यात दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. बाकी लेख विसरलात तरी चालेल, पण हे पान कुठे आहे ते आजच, टीव्ही व्यवस्थित चालू असताना शोधून ठेवा.

जत्रेतला भोंगा आठवा. भोंग्याचा आवाज कानठळ्या बसवतो, पण काय बोलतायत ते कळत नाही. आवाज किती मोठा आहे ती स्ट्रेंथ, आणि त्यातलं किती कळतंय ती क्वालिटी. छत्री भलतीकडे बघत असली तरी स्ट्रेंथ बरीच दिसू शकते, कारण छत्रीसमोरच्या दांडीवरचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा छोटा डबा, नुसती खरखरसुद्धा मोठी करून पाठवतो. म्हणून निर्णय क्वालिटीवरून घ्यायचा. दोन्ही एकत्र वाचल्या की बिघाडाचा पत्ता बऱ्यापैकी सापडतो.

दोन्ही शून्य: वायर तुटली, निसटली, आत शॉर्ट झाली किंवा एलएनबी मेला.

स्ट्रेंथ चांगली, क्वालिटी शून्य: छत्री सरकली, समोर काहीतरी आलं, किंवा बॉक्समधलं सेटिंग बदललं गेलं.

क्वालिटी वरखाली नाचतेय: सैल किंवा गंजलेली पिन, वाऱ्याने डुलणारी फांदी, हलणारा पाइप. नाच वाऱ्याच्या झुळुकेबरोबर असेल तर फांदी किंवा पाइप, वायर हलवल्यावर असेल तर पिन.

दोन्ही उत्तम, तरी चित्र नाही: छत्री सोडा, रिचार्ज आणि बॉक्स बघा.

हे आकडे प्रत्येक बॉक्स आपापल्या हिशेबाने दाखवतो. शेजाऱ्याचे ९० आणि तुमचे ७० यांची तुलना करू नका. तुमची तुलना तुमच्याच कालच्या आकड्याशी.

वायर आणि तिची टोकं

माझ्या अनुभवात खरे बिघाड सगळ्यात जास्त इथे असतात. तरी लोक इथे सगळ्यात कमी बघतात, कारण वायर काळी आणि धडधाकट दिसते.

काम सुरू करण्याआधी बॉक्सचा प्लग काढा. एलएनबीला लागणारी वीज याच वायरीतून वर जाते, १३ किंवा १८ व्होल्ट. हाताला झटका बसण्याइतकी ती नाही, पण मधली तार आणि बाहेरची जाळी एकमेकींना टेकल्या तर बॉक्स जाऊ शकतो.

आता बॉक्समागची गोल पिन बोटांनी उलटी फिरवून काढा. तिच्या आत बघा. मधोमध एक तांबूस तार पिनेच्या तोंडाबाहेर दोनेक मिलिमीटर आलेली असावी. ती आत गेली असेल तर टेकत नाही, फार लांब असेल तर खाचेत वाकते. तार स्वच्छ आणि चमकदार हवी. काळपट किंवा हिरवट पूड दिसली तर पाणी आत गेलंय.

कोकणात ही हिरवी पूड नेहमीची. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस. आमच्याकडे एकदा बॉक्समागची पिन काढली तर आतून पाण्याचा थेंब टपकला. घरात, शोकेसमध्ये, छपरापासून पंधरा मीटरवर. वरच्या टोकाला टेप नव्हती, पाणी जाळीतून झिरपत वायरीच्या पोटातून खाली आलं होतं. त्याआधी आलेला मेकॅनिक "बॉक्स गेला, नवीन घ्या" सांगून गेला होता. मी वायरीचं टोक हातभर कापलं, पिना बदलल्या, आणि तोच बॉक्स पुढे तीन वर्षं चालला.

पिन बदलणं अवघड नाही. खराब भाग कापून टाका. जिथे तांबं पुन्हा चमकदार दिसेल तिथपर्यंत कापत जा, अंगठाभर कापून समाधान मानू नका. मग टोकापासून दीड सेंटिमीटरवर काळ्या सालीला ब्लेडने हलका गोल काप द्या आणि साल ओढून काढा. जोर लावलात तर खालची जाळी कापली जाते. जाळीच्या बारीक तारा मागे, काळ्या सालीवर दुमडा. त्याखाली चांदीसारखा कागद आणि पांढरा गाभा दिसेल. गाभ्याचा पुढचा भाग कापून मधली तार मोकळी करा. हा काप देताना तारेवर ओरखडा पडू देऊ नका, तिथेच ती पुढे तुटते. आता पिन घट्ट फिरवत किंवा दाबत बसवा. पांढरा गाभा पिनेच्या आतल्या तळाशी सपाट यायला हवा. शेवटी उजेडात धरून बघा: जाळीचा एकही केस मधल्या तारेला टेकता कामा नये. एक केस पुरतो. दोन्ही पट्ट्या शून्य दाखवण्यामागे हाच एक केस मी दोनदा पाहिला आहे.

इलेक्ट्रिकच्या दुकानात "डिशची पिन" मागितली तरी मिळते. वायर घ्यायची झाली तर आरजी-६ मागा. मध्ये जोड देऊ नका. द्यावाच लागला तर दोन पिना आणि जोडणारा नळीसारखा जॉइंट वापरा. दिव्याच्या वायरीसारखा पीळ देऊन वर टेप गुंडाळणं इथे चालत नाही. विजेच्या वायरीतून वीज जाते, तिला तांबं टेकलं की पुरे. या वायरीतून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल जातो, त्याला वायरीचा आकारसुद्धा शेवटपर्यंत सारखा लागतो. त्याच कारणाने वायर काटकोनात मोडू नये, खिडकीच्या सरकत्या काचेत चेपू नये आणि खिळा मारून बसवू नये. तीसेक मीटरपेक्षा लांब वायर असेल तर सिग्नल वाटेतच बारीक होतो. माळ्यावर गुंडाळून ठेवलेली जादा वायर कापून टाका.

एलएनबीजवळच्या टोकाला पाणी जाणार नाही अशी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे पदर कौलांसारखे एकावर एक येतात आणि पाणी बाहेरून ओघळतं. वायर भिंतीतून घरात शिरते तिथे भोकाच्या आधी तिला खाली लोंबता झोळ द्या. पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, भोकात शिरत नाही.

उंदीर, घुशी आणि कोकणात माकडं हे वेगळं प्रकरण. उंदीर साल कुरतडतात, ते दिसतं. माकडं छत्रीच्या दांडीला लोंबकळतात, ते दिसत नाही, फक्त परिणाम दिसतो.

पाऊस, साग आणि सूर्य

पावसात डिश जाते ही तक्रार नाही, निसर्ग आहे. आपल्याकडचं डीटीएच केयू बँड नावाच्या लहरींवर चालतं. त्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, आणि पावसाचे टपोरे थेंब तिच्यातला बराच भाग गिळतात, उरलेला विखुरतात. धो धो पावसात दहा-वीस मिनिटं टीव्ही गेला तर चहा प्या. विजा होण्याची चिन्हं दिसली तर त्या कडाडायला लागण्याआधीच बॉक्सचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवा. नुसता प्लग काढून भागत नाही, छत्रीची वायर वरून घरात येतच असते.

खरी माहिती देतो तो गेलेला टीव्ही परत येण्याचा वेळ. मुसळधार पावसात गेला आणि पाऊस कमी होताच आला, तर सगळं ठीक. नुसत्या भुरभुरीने गेला, तर सिग्नल आधीपासूनच काठावर आहे, म्हणजे छत्री थोडी सरकली आहे किंवा पिन खराब आहे. पाऊस थांबून चार तास झाले, ऊन पडलं तरी आला नाही, तर पाणी पिनेत किंवा एलएनबीत आहे.

आणि एक फसवा प्रकार. एप्रिल-मेमध्ये झकास, जूनच्या शेवटापासून बंद, थेट हिवाळ्यापर्यंत रडत. सगळे पावसाला दोष देतात. आमच्या वाडीत एका घरी हेच दोन वर्षं चाललं होतं. छत्रीसमोर साग होता. उन्हाळ्यात त्याची पानं झडतात, पहिल्या पावसात फुटतात, आणि सागाचं ओलं पान म्हणजे जवळजवळ भिंतच. जुलैत पावसाने उघडीप दिलेल्या कोरड्या दुपारी क्वालिटी बघितली, तेव्हाही शून्य. म्हणजे पाऊस नव्हे. छत्री दहा फूट बाजूला घेतली, प्रश्न संपला.

झाड आड येतंय का हे जमिनीवरून कळत नाही, कारण आपल्या छत्र्या दिसतात त्यापेक्षा वर बघतात. दांडी मधोमध नसून खालच्या कडेला असते, त्यामुळे असं होतं. सिग्नल छत्रीच्या तोंडापेक्षा साधारण २५ अंश वरून येऊन आदळतो. त्यामुळे समोरचं झाड वाटेत नाही असं वाटतं आणि त्याचा शेंडा नेमका वाटेत असतो.

यावर एक फुकटचं मोजमाप आहे, ते मला फार आवडतं. वर्षातून दोनदा, मार्चच्या १० ते १५ तारखांच्या आसपास आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य काही मिनिटांसाठी बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. सूर्याच्या स्वतःच्या खरखरीत उपग्रहाचा आवाज बुडतो आणि टीव्ही थोडा वेळ जातो. महाराष्ट्रात फ्री डिशच्या उपग्रहासाठी ही वेळ सकाळी अकराच्या आसपास येते, टाटा प्लेच्या उपग्रहासाठी बाराच्या आसपास. रोज ठरावीक वेळी काही मिनिटं जाऊन आपोआप येत असेल आणि आठवडाभरात थांबत असेल, तर कोणालाही बोलावू नका. उलट त्या वेळी गच्चीवर जाऊन छत्री बघा. सूर्य आणि उपग्रह एकाच रेषेत आहेत, तेव्हा छत्रीवर ज्या कशाची सावली पडेल ते उपग्रहाच्या आड येतंय. एलएनबीची सावली खालच्या कडेला पडली तर ती सोडून द्या. फांदीची किंवा शेजारच्या टाकीची पडली, तर गुन्हेगार सापडला.

छत्री हलवायचीच असेल तर

कौलारू किंवा पत्र्याच्या छपरावर, पावसात, वाऱ्यात किंवा एकट्याने हे करू नका. गच्चीला कठडा नसेल तरी नको. मालिका बुडाली तर बुडाली.

आधी नुसतं बघा. पाइप हाताने हलतो का? भिंतीतले बोल्ट सैल आहेत का? छत्रीला पोचा पडलाय का? एलएनबीच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं झाकण तडकलंय का, त्यात मुंग्या किंवा गांधीलमाशीचं घर आहे का? बोल्ट नुसते आवळून क्वालिटी परत आलेली मी पाहिली आहे.

दिशा अशी. हे सगळे उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात, त्यामुळे महाराष्ट्रातून छत्री आग्नेयेकडे बघते. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. मुंबईतून तो उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजल्यास १३१ अंशांच्या आसपास आणि क्षितिजावर ५७ अंशांच्या आसपास सापडतो. टाटा प्ले ८३ अंशांवर आहे, तो जास्त दक्षिणेकडे आणि जास्त उंच. एअरटेल १०८.२ अंशांवर, तो जास्त पूर्वेकडे आणि खाली. म्हणूनच एकाच गच्चीवरच्या छत्र्या वेगवेगळीकडे बघतात. शेजाऱ्याची छत्री बघून आपली लावायची असेल तर कंपनी तीच आहे ना, ते विचारा. मोबाइलचं होकायंत्र वापरा, पण लोखंडी पाइपाजवळ धरू नका. दोन-तीन मीटर लांब उभं राहून दिशा घ्या.

काही सैल करण्याआधी पाइपावर आणि पट्टीवर मार्करने रेघ मारा. सगळं बिघडलं तर निदान या रेघेपर्यंत परत येता येतं. मग एकच बोल्ट सैल करा, छत्री जेमतेम सरकेल इतकाच. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची कड अर्धा सेंटिमीटर सरकली की दिशा एका अंशाने बदलते, आणि एक अंश इथे पुष्कळ झाला. बोटभर सरकवलंत तर उपग्रह ओलांडून पुढे जाल.

खाली टीव्हीसमोर एक माणूस फोन घेऊन बसवा. त्याने "आला, गेला" म्हणायचं नाही, फक्त क्वालिटीचा आकडा वाचायचा. सरकवा, पाच सेकंद थांबा, आकडा ऐका, पुन्हा सरकवा. जुन्या अँटेनाची सवय इथे नडते. हात लावताच चित्र बदलायचं ते दिवस गेले, बॉक्सला सिग्नल पकडायला दम लागतो. आडवी दिशा आधी, तिचा सर्वांत मोठा आकडा मिळाला की उंची, शेवटी एलएनबी आपल्या कड्यात किंचित डावी-उजवीकडे फिरवा. बोल्ट आवळताना आकडा दोन-चारने घसरतो, म्हणून थोडं थोडं, आलटून पालटून आवळा.

उरलेल्या काही तक्रारी

काहीच चॅनेल जातात, बाकीचे नीट. एलएनबी १३ व्होल्टवर एक आणि १८ व्होल्टवर दुसऱ्या प्रकारच्या लहरी पकडतो. ठरावीक गट कायम गायब असेल तर एलएनबी अर्धा गेलेला असू शकतो, किंवा लांब-गंजक्या वायरीतून वर पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत. त्याच कंपनीची डिश शेजारी असेल तर आपला बॉक्स नेऊन त्यांच्या वायरीला लावा. तिथे सगळे चॅनेल दिसले तर बॉक्स निर्दोष. पाच मिनिटांची ही परीक्षा नवीन बॉक्सचे पैसे वाचवते.

फ्री डिशवर एखादं चॅनेल गायब झालं तर आधी नव्याने स्कॅन करा. तिथल्या जागांचे लिलाव होतात आणि चॅनेल येतात-जातात, विशेषतः एप्रिलच्या सुरुवातीला. शेजाऱ्याकडे दिसतं आणि आपल्याकडे स्कॅन करूनही नाही, तर बॉक्स एमपेग-२ या चित्र पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा असेल. एमपेग-४ मधले चॅनेल त्याला उघडता येत नाहीत, छत्री कितीही फिरवा.

केबल असेल तर पहिला प्रश्न शेजाऱ्याला: तुमच्याकडे आहे का? सगळ्यांचं गेलं असेल तर केबलवाल्याला फोन, हातात करण्यासारखं काही नाही. फक्त तुमचंच गेलं असेल तर वर लिहिलेलं वायरीचं सगळं लागू. त्यात जिन्यातला स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या अनेक वाटा करणारा जोड, नक्की बघायला सांगा. एका घरासाठी दोन खोल्यांत टीव्ही लावताना लोक स्वस्तातला स्प्लिटर टाकतात आणि दोन्ही टीव्ही अर्धपोटी राहतात.

मेकॅनिक बोलवाल तेव्हा

"टीव्ही दिसत नाही" एवढंच सांगितलं तर तो हाताला येईल ते सामान घेऊन येतो. कोड नंबर, दोन्ही पट्ट्यांचे आकडे, केव्हापासून, पावसात की कोरड्यात, आणि तुम्ही काय काय करून पाहिलं, हे फोनवरच सांगा. मग तो वायर घेऊन येतो की एलएनबी, यात फरक पडतो. काम झाल्यावर सिग्नलचं पान त्याच्यासमोर उघडायला सांगा. चित्र दिसलं म्हणून पैसे देऊ नका. काठावरच्या क्वालिटीवरही चित्र स्वच्छच दिसतं, पुढच्या भुरभुरीत पुन्हा जातं. आणि बॉक्स बदला म्हणाला, तर शेजाऱ्याच्या वायरीवर लावून दाखव म्हणा.

टीव्ही ठीक असताना, निरभ्र दिवशी, क्वालिटीचा आकडा कुठेतरी लिहून ठेवा. आईने तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलाय: ८२. मागच्या रविवारी तिचा फोन आला, सातला नव्हे, सकाळी. "टीव्ही चालू आहे, पण अडुसष्ट झालेत. परसातल्या फणसाची फांदी खाली आलीय, ती तोडायला गडी सांगितलाय. तू काही येऊ नकोस."